स्थाणुव्रताचा शाप आणि पहिली फुगडी

इंद्राने पर्वतांचे पंख नुकतेच छाटले होते आणि ते बिचारे आपापल्या जागी मुकाट्याने बसायला शिकत होते, अशा त्या कृतयुगात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, शुक्लधारा नदीच्या काठी महर्षी स्थाणुव्रत यांचा आश्रम होता. बकुळ, नागचाफा आणि जांभूळ यांच्या गर्द छायेत वसलेल्या त्या तपोवनात होमधूमाचा सुगंध अहोरात्र दरवळत असे, हरिणे पर्णकुटीच्या दारापर्यंत येऊन दर्भ खात असत आणि नदीचे जळही आश्रमापाशी आले की आवाज न करता वाहत असे, असे सांगतात. नदीचे खरे-खोटे कोण जाणे. माणसांना मात्र तिथे आवाज करायची सोय नव्हती. महर्षींना शांतता प्रिय होती आणि जे त्यांना प्रिय तोच आश्रमाचा नियम होता. हसायचे ते तोंडाला पदर लावून, रडायचे ते गोठ्यात जाऊन. पोपटांना तेवढे कोणी काही सांगू शकले नव्हते.

तपोनिधी, जितेंद्रिय, वेदवेदांगपारंगत अशी स्थाणुव्रतांची कीर्ती होती आणि ती खोटी नव्हती. त्यांनी जिव्हा जिंकली होती, निद्रा जिंकली होती, थंडी-वारा जिंकला होता. क्रोध हे इंद्रिय नव्हे, म्हणून की काय, तो तेवढा जिंकायचा राहून गेला होता.

त्यांची पत्नी धारिणी ही शांत आणि सोशिक बाई. पुत्र विद्याध्ययनासाठी दूर बदरिकाश्रमी गेलेला. घरात दोन तरुण स्त्रिया होत्या: महर्षींची कन्या सुवेणी आणि त्यांची स्नुषा रोचना. रोचना खाडीकाठच्या नावाड्यांच्या राजाची मुलगी. भरतीच्या आवाजात वाढलेली, त्यामुळे तिला मुकाट्याने काम करता येत नसे. मुसळ हातात आले की ओठांवर गाणे यायचेच. आल्या आल्या तिने उखळापाशी असे काही सूर धरले की गोठ्यातल्या गायींनी माना वळवल्या. सुवेणीला ते गाणे आवडले, फार आवडले, आणि आपल्याला जन्मात जे करता आले नाही ते ही परक्या घरची मुलगी बिनदिक्कत करते आहे, हे काही तिला सोसवले नाही. तिने जाऊन तातांच्या कानावर घातले. तातांनी सुनेला समोर उभे करून बजावले, "मुली, या आश्रमात वेदांखेरीज दुसरा स्वर उमटणार नाही."

त्या दिवसापासून रोचना गायची थांबली आणि नणंदेशी बोलायचीही थांबली. 'पाणी आणले', 'गाय सोडली', एवढेच काय ते त्यांचे बोलणे. सुवेणीला आपण केले ते कळत होते. पण आधी आपण कसे बोलावे, म्हणून तीही तोंड मिटून राहिली. एकाच चुलीपाशी बसून दोघी एकमेकींकडे पाठ करून भाकरी थापत.

अशात महर्षींनी उग्र तप आरंभिले. कारण विचाराल तर फार मोठे नव्हते. कुठल्याशा ऋषिसभेत त्यांनी एका उद्धट शिष्याला शाप दिला होता आणि तो काही केल्या लागला नाही. सभेतले चारजण गालातल्या गालात हसले. ते हसू महर्षींच्या मनात रुतून बसले. त्यांनी अन्न वर्ज्य केले, मग पाणी वर्ज्य केले, एका पायावर उभे राहून श्वास रोखला, तेव्हा त्यांच्या तेजाने स्वर्गातली कमळे कोमेजू लागली आणि भाद्रपद मासातल्या एका पहाटे पितामह ब्रह्मदेव हंसावरून उतरून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"वत्सा, वर माग," चतुर्मुख म्हणाले.

"हे सृष्टिकर्त्या, हे वेदगर्भा! माझ्या मुखातून जे वचन निघेल ते कधीही मिथ्या होऊ नये, एवढेच दे."

ब्रह्मदेवांनी कमंडलूतले पाणी त्यांच्या मस्तकावर शिंपडले. "दिले," ते म्हणाले. "परंतु नीट ऐकून ठेव. सुटलेला बाण धनुर्धरालाही परत बोलावता येत नाही. तुझे वचन तू स्वतःही मागे घेऊ शकणार नाहीस. म्हणून बोलण्यापूर्वी पाहा, आणि पाहिल्यावरही शक्यतो बोलू नकोस."

महर्षींनी साष्टांग नमस्कार घातला. वराच्या आनंदात वराच्या पुढचे वाक्य कोण ऐकतो! सिद्धी अंगी मुरावी म्हणून ते अंगणाच्या कडेच्या बकुळीखाली आसन घालून, डोळे मिटून ध्यानस्थ बसले.

त्याच दिवशी आश्रमात गौरी यायची होती. संध्याकाळी सूर्य मावळताना जगन्माता माहेरवाशिणीच्या पावलांनी घरोघर येते, म्हणून आसपासच्या पर्णकुट्यांतल्या सगळ्या ऋषिपत्नी सकाळपासून कामाला लागल्या होत्या. श्रावणाच्या पावसाने अंगणाची माती वाहून गेली होती. बायकांनी टोपल्या भरभरून नवी माती आणून टाकली, वर पाणी शिंपडले आणि ती घट्ट बसावी म्हणून पायांनी चोपायला सुरुवात केली. ओळीने उभे राहायचे, टाच दाबायची, पुढे सरकायचे, पुन्हा टाच दाबायची. आता तुम्हीच सांगा, इतक्या जणींची पावले एका वेळी पडू लागली की ताल का धरणार नाहीत? रोचनाच्या टाचेने तो आधी पकडला. तिने टाचेनंतर चवडा टेकला, मग एक गिरकी घेतली. शेजारणीने तिचे पाहून तसेच केले. बघता बघता माती चोपण्याचे काम राहिले बाजूला आणि आश्रमाच्या अंगणात, कोणी न शिकवता, बायका नाचू लागल्या.

सुवेणी घरातून तरातरा बाहेर आली ती त्यांना थांबवायलाच. उंबरठ्यावर उभी राहून तिने रोचनाकडे पाहिले. रोचनाने तिच्याकडे पाहिले, आणि घडा उचलून नदीकडे चालू लागली. बाकीच्या बायकाही धास्तावून कडेला झाडांआड झाल्या. अंगण रिकामे झाले, सुवेणी उंबरठा उतरली आणि तिच्या तळव्यांखाली ती ओली, गार, मऊ माती आली. तिला वाटले, आता कोणी पाहत नाही. तिने टाच दाबली. मग चवडा टेकला. कितीतरी दिवसांची दाबून ठेवलेली हौस अशी उसळून आली की तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरून ती एकटीच नाचू लागली.

बकुळीखाली महर्षींचे मघापासून डळमळणारे ध्यान अखेर मोडले. पावलांचा आवाज ऐकला आणि ही सूनच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका आली नाही. डोळे उघडायला कितीसा वेळ लागतो? पण त्यांनी डोळ्यांआधी तोंड उघडले.

"जी पावले या क्षणी माझ्या अंगणात नाचत आहेत, ती आहेत त्याच जागी भूमीला खिळोत! त्यांना मुळे फुटोत आणि सूर्य मावळताच त्या मुळांचे झाड होवो! आणि तिला सोडवायला जी कोणी हात देईल, तिचीही पावले तिथेच खिळोत!"

एक शाप पुरेसा असताना त्याला शेपूट जोडण्याची ही ऋषिमंडळींची खोड जुनीच आहे. अंगणात सुवेणीने किंकाळी फोडली. महर्षींनी डोळे उघडले, आणि समोर आपली मुलगी पाहिली.

तिची पावले मातीला चिकटली होती. तळव्यांतून पांढऱ्या, बारीक धाग्यांसारखी मुळे निघून ओल्या मातीत शिरत होती आणि घोट्यांवर हिरवट साल चढू लागली होती. "मागे घेतो!" महर्षी धावत येत ओरडले, "मी माझे वचन मागे घेतो! मुली, तू मुक्त आहेस!" एक मूळ हलले नाही. पितामहांनी सांगितलेले वाक्य आता त्यांना शब्दशः आठवले. आणि त्यांच्या तोंडून निघाले, "हाय हाय, आता माझी मुलगी..."

धारिणीने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. संसाराच्या इतक्या वर्षांत तिने पतीपुढे आवाज चढवला नव्हता. "एक अक्षर बोलू नका!" ती म्हणाली. "जे बोलाल ते घडेल. गप्प राहा, नाथ, तिच्यासाठी गप्प राहा!" मग ती लेकीकडे वळली, पण सुवेणीनेच तिला रोखले.

"आई, पुढे येऊ नकोस! तातांचे शब्द ऐकलेस ना? तूही खिळशील."

ऋषिपत्नी जागच्या जागी थिजल्या. सुवेणी पाय उपटायला धडपडत होती आणि जितके वर ओढत होती तितकी मुळे खोल जात होती. ऊन कलले होते. पाय हलत नाहीत आणि अंग तर घाबरून झोके खाते आहे, अशी तिची स्थिती झाली. ती एकदा का आडवी पडली असती, तर हात, केस, गाल, जे जे मातीला टेकेल त्याला मुळे फुटली असती.

रोचना नदीच्या पायवाटेवर भरला घडा घेऊन उभी होती. सासऱ्यांचा आवाज तिथपर्यंत पोहोचला होता. तो शाप कोणासाठी होता हे तिला कळले, आणि तो कोणाला लागला हेही दिसले. क्षणभर तिला बरे वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या जागी कोणालाही वाटले असते. पण पुढच्याच क्षणी सुवेणीचा तोल गेला, तिचे दोन्ही हात हवेत काही तरी शोधू लागले, आणि रोचनाच्या कमरेवरचा घडा खाली पडून फुटला. ती धावली.

"वहिनी, येऊ नकोस!" सुवेणी ओरडली.

रोचनाने ते हात धरले. घाईत जो मिळाला तो धरला. उजव्या हातात उजवा आला, डाव्यात डावा, आणि दोघींच्या मध्ये हातांची फुली झाली. त्याच क्षणी तिच्या तळव्यांखालची माती आवळली गेली. सुवेणीच्या चवड्यांना चवडे भिडलेले, अशी तीही खिळली.

"वेडी का तू?" सुवेणीला हुंदका आवरेना. "मी तुझे गाणे तोडले. माझ्यासाठी तू का आलीस?"

"वन्सं, ते सगळे नंतर," रोचना धापा टाकत म्हणाली. "आधी ओढणे थांबवा. वर ओढू नका. माझ्या माहेरी खाडीच्या चिखलात नावा बांधायचे खुंट रोवतात. ते ओढून चार गड्यांनाही निघत नाहीत. दोघांनी समोरासमोर धरून मागे रेलायचे आणि खुंट गोल फिरवायचा. चिखल आपोआप सोडतो. पाय जागेवरून हलत नाहीत, कबूल. पण जागेवर वळतात का ते बघू."

दोघींनी वळायचा प्रयत्न केला. पावले तसूभर वळली आणि अडली. दोघींनी कोपर वाकवून आपापला भार आपल्याकडेच ठेवला होता. सुवेणीला वाटत होते, हिला माझा राग आहे, ऐन वेळी ही हात सोडील. रोचनाला वाटत होते, ही घाबरट आहे, हिची पकड सुटेल. आणि सुटली तर संपलेच.

"कोपर सरळ करा, वन्सं," रोचना म्हणाली. "पूर्ण मागे रेला. सगळा भार माझ्यावर टाका."

"आणि तू सोडलेस तर?"

"मी सोडले तर मीही पडेन. तुम्ही सोडलेत तरी मीच पडेन. आता तुमच्यावाचून मला उभे राहता येत नाही, एवढे समजा आणि रेला."

सुवेणीने तिच्या डोळ्यांत पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिले, आणि तिथे राग नव्हता असे नव्हे. राग होता, भीती होती, पण हात घट्ट होता. तिने श्वास सोडला, कोपर सरळ केले आणि पाठीमागे काही आहे की नाही याचा विचार न करता ती मागे रेलली. रोचनाही रेलली. दोघींचे भार हातांच्या त्या फुलीत येऊन तुल्य झाले. पावले हळूच वळली. पहिले मूळ तुटल्याचा बारीक आवाज झाला.

"फिरते आहे!" धारिणी ओरडली. मग तिला काय वाटले कोणास ठाऊक, तिने रोचनाचे ते उखळावरचे गाणे म्हणायला सुरुवात केली. तिला ते सगळे पाठ होते. कडेच्या बायकांनी सूर मिळवला. गाण्याच्या चालीवर दोघींची पावले जागच्या जागी वळू लागली, गती वाढली, वेण्या सुटून हवेत पसरल्या, पदर फडफडू लागले. नवी मुळे फुटत होती आणि मातीत शिरण्यापूर्वीच पिळून तुटत होती. दोघींचे श्वास फुलले. तोंडाने फू फू असा आवाज येऊ लागला आणि तोच त्यांचा ताल झाला.

अंगणाच्या कडेला महर्षी तोंड घट्ट मिटून उभे होते. ज्या हातांनी त्यांनी आजवर केवळ दर्भ आणि समिधा धरल्या होत्या, ते हात त्यांनी एकमेकांवर आपटले. पहिली टाळी चुकली. दुसरी तालात पडली. ते रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, आणि तसे करताना आपल्याला कोणी पाहते आहे याची त्यांना शुद्ध नव्हती.

सूर्य समुद्रावर टेकला. सुवेणीचे हात घामाने निसरडे झाले. "वहिनी, सुटतील गं!" ती कळवळली.

"बोटे अडकव," रोचना म्हणाली. नणंदेला 'अहो' म्हणायचे तिला भान राहिले नाही आणि सुवेणीलाही ते जाणवले नाही. बोटांत बोटे अडकली. सूर्यबिंब बुडाले, आणि त्याच क्षणी उरलेली सगळी मुळे एकदम तुटली. दोघी फिरत फिरत त्या जागेवरून दूर फेकल्या गेल्या, त्यांना बायकांनी वरच्या वर झेलले. तळवे रक्ताळले होते, पण ते पायच होते. घोट्यांवरची साल गळून पडली.

अंगणाच्या मधोमध, जिथे ती पावले होती तिथे, तुटलेल्या मुळांना कोंब आले. पाहता पाहता त्यांचे एक रोप झाले आणि त्याला गुलाबी फुले लगडली. त्या फुलांमधून, हळदीच्या पावलांनी, साक्षात भगवती गौरी प्रकट झाली. तिची कांती केतकीसारखी होती आणि चेहऱ्यावर माहेरी आलेल्या लेकीचे हसू होते.

"स्थाणुव्रता," ती म्हणाली, "तुझे वचन मिथ्या झाले नाही. पावले खिळली, मुळे फुटली, मुळांचे झाडही झाले. या रोपाला लोक तेरडा म्हणतील. दर भाद्रपदात मी याच मुळांच्या पावलांनी घरोघर येईन, आणि जिथे माझ्यापुढे दोघी अशा हात गुंफून फिरतील तिथे मला आसन मांडायचे राहिले तरी चालेल."

सर्वांनी लोटांगण घातले. महर्षी उठले, तेव्हा त्यांनी धारिणीकडे पाहिले, जणू बोलायला तिची अनुज्ञा मागत होते. ती घाबरली, पण तिने मान हलवली. मग ते सुनेपुढे येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी आधी डोळे भरून पाहिले. तिचे रक्ताळलेले तळवे पाहिले, अजून आपल्या मुलीच्या बोटांत अडकलेली तिची बोटे पाहिली.

"मुली," ते म्हणाले, "शाप तुझा होता आणि तू तो माझ्या मुलीबरोबर वाटून घेतलास. हे माझे शेवटचे वचन आहे आणि तेही मला मागे घेता येणार नाही. ज्या दोघी एकमेकींवर सगळा भार टाकून अशा फिरतील, त्यांना त्या वेळेपुरता कोणाचाही धाक उरणार नाही. बापाचा नाही, सासऱ्याचा नाही, ऋषीचा नाही. त्यांच्या मनातली अढी त्या फिरण्यात सुटून जाईल."

त्यानंतर महर्षी स्थाणुव्रत हयातभर एक शब्द बोलले नाहीत. लोकांनी त्यांना मौनी म्हणून पूजले. खरे कारण घरातल्या बायकांना ठाऊक होते. रोज सकाळी उखळापाशी दोन मुसळे चालत, दोघी गात असत, आणि म्हातारे महर्षी आपले आसन उचलून हळूच उखळाजवळ आणून ठेवत.

तीच ही फुगडी. युगे लोटली, आश्रम गेले, शाप देणारे गेले आणि त्यांच्या शापांची आता कोणाला आठवणही नाही. पण गौरीपुढे बायका अजून हातांची फुली करतात, चवड्यांना चवडे भिडवतात आणि मागे रेलतात. त्यांत नणंदा-भावजया असतात, जावा असतात, वर्षभर एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या शेजारणी असतात. फिरणे थांबले तरी त्या लगेच हात सोडत नाहीत. भोवतालचे अंगण अजून गरगरत असते, म्हणून ज्या बाईशी सकाळपर्यंत बोलत नव्हत्या, तिच्याच खांद्यावर डोके टेकवून त्या उभ्या राहतात आणि हसतात.